राष्ट्रपतिपदासाठी अर्ज भरायचाय? सातारा-सांगलीकरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि सह्यांचं गणित

द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. मुदत पाच वर्षांची, त्यामुळे २४ जुलै २०२७ च्या आत पुढची निवडणूक उरकावी लागेल. दर खेपेला देशभरातून हौसे, नवसे, गवसे अर्ज भरतात आणि छाननीत बाद होतात. पोवई नाक्यावर चहा पिता पिता अशी उमेदवारी जाहीर करणारेही आपल्याकडे निघतात. त्यांची चेष्टा करणं सोपं आहे. पण अर्जाच्या अटी एकदा नीट वाचा. राष्ट्रपती मोठे की संसद, हा पारावरचा वाद त्या अटींतच बराचसा मिटतो.

कोण उभं राहू शकतं

घटनेच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे अटी तीनच: भारताचं नागरिकत्व, ३५ वर्षं पूर्ण आणि लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता. शिक्षणाची अट नाही, वयाची वरची मर्यादाही नाही.

अडवणारी गोष्ट म्हणजे लाभाचं पद, म्हणजे पगार किंवा आर्थिक फायदा देणारं सरकारी पद. केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा त्यांच्या नियंत्रणाखालच्या स्थानिक संस्थेत लाभाचं पद असेल तर उमेदवारी नाही. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर नोकरीत असलेले गुरुजी उभे राहू शकत नाहीत, निवृत्त होऊन पेन्शन घेणारे राहू शकतात. मंत्री आणि राज्यपाल यांना मात्र यातून सूट आहे. नियम करणाऱ्यांनी आपली सोय आधी पाहिली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

कागदपत्रं

सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लावलेल्या माणसाला ही यादी फारच आखूड वाटेल. रहिवासी दाखला नको, जातीचा नको, उत्पन्नाचा तर नकोच. विहित नमुन्यातला अर्ज, मतदारयादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत आणि १५,००० रुपये अनामत, एवढंच.

यातल्या मतदारयादीच्या प्रतीकडे नीट लक्ष द्या. वेबसाइटवरून काढलेली प्रिंट चालत नाही, मतदार नोंदणी अधिकाऱ्याची सही-शिक्क्याची प्रत लागते. आपल्याकडे त्यासाठी प्रांत कार्यालयात किंवा तहसीलच्या निवडणूक शाखेत चौकशी करावी. आणि अर्जात लोकसभा मतदारसंघ लिहायचा असतो, जिल्हा नव्हे. फलटण आणि माण सातारा जिल्ह्यात असले तरी लोकसभेला माढ्यात मोडतात. इस्लामपूर आणि शिराळा सांगली जिल्ह्यात, पण मतदारसंघ हातकणंगले.

अनामत रक्कम निवडणूक अधिकाऱ्याकडे रोख भरता येते, नाहीतर रिझर्व्ह बँकेत किंवा सरकारी कोषागारात भरून पावती जोडायची.

सह्या: खरी मेख इथे

अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. हे शंभरही जण राष्ट्रपती निवडणुकीचे मतदार असले पाहिजेत, म्हणजे दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले खासदार किंवा राज्यांच्या आणि दिल्ली, पुदुच्चेरीच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार. ग्रामसभेचा ठराव, गल्लीतल्या दोन हजार लोकांच्या सह्या, सगळं बिनकामाचं.

विधान परिषदेचे आमदार यात येत नाहीत. गावच्या जत्रेत फेटा कुणालाही बांधा, पण सहीला जाण्याआधी साहेब कोणत्या सभागृहात बसतात ते पाहून घ्या. राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यही या यादीबाहेर.

आता हिशेब मांडू. सातारा जिल्ह्यात विधानसभेच्या ८ जागा, सांगलीत ८. लोकसभेचे सातारा, सांगली, माढा आणि हातकणंगले हे चार मतदारसंघ धरले तर सगळे पक्ष एक होऊनही सह्या होतात २०. उरलेल्या ८० साठी मुंबई-दिल्ली गाठायची. त्यात एका मतदाराला एकाच उमेदवाराच्या अर्जावर सही करता येते. दोघांना सही दिली असेल तर आधी दाखल झालेल्या अर्जावरची धरतात आणि दुसऱ्यावरची बाद होते.

ही अट पहिल्यापासून एवढी कडक नव्हती. १९६७ च्या निवडणुकीत १७ उमेदवार होते आणि त्यातल्या ९ जणांना एकही मत पडलं नाही. १९७४ साली कायदा बदलून १० सूचक, १० अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत आली. १९९७ मध्ये ते आकडे आजच्या पातळीवर नेले. हवशांना रोखायला हे ठीकच होतं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली: ज्याच्या पाठीशी लोकप्रतिनिधींचा मोठा गट नाही, त्याचं नाव मतपत्रिकेवर येणंच जवळजवळ संपलं. मतदान तर आमदार-खासदारांचंच होतं, आता उमेदवार कोण असावा हेही त्यांच्या हातात गेलं.

अर्ज कुठे, कधी

दिल्लीत. लोकसभा आणि राज्यसभेचे महासचिव आळीपाळीने निवडणूक अधिकारी असतात, २०२२ ला राज्यसभेचे होते. उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या सूचक-अनुमोदकांपैकी कुणी सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत अर्ज द्यायचा. पोस्टाने पाठवून भागत नाही. एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात. अधिसूचना निघाल्यापासून चौदाव्या दिवशी मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत. २०२२ मध्ये १५ जूनला अधिसूचना आली आणि १८ जुलैला मतदान झालं.

मताचं वजन आणि अनामत

आपल्या आमदाराच्या एका मताचं मूल्य १७५. हे १९७१ च्या जनगणनेवरून काढलेलं आहे: महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, तिला २८८ आमदारांनी भागायचं आणि मग हजाराने. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचे सोळा आमदार मिळून २,८०० आणि वरचे चार खासदार मिळूनही २,८००.

निवडून यायला वैध मतमूल्याच्या निम्म्याहून एक जास्त लागतं, आणि त्या कोट्याच्या एक षष्ठांशाच्या वर मतं मिळाली तरच अनामत परत. २०२२ चे आकडे धरले तर ती रेषा ८८ हजारांच्या आसपास येते. महाराष्ट्राच्या सगळ्या २८८ आमदारांनी डोळे झाकून तुम्हालाच मत दिलं तरी होतात ५०,४००. पंधरा हजार गेलेच समजा.

मतदान गुप्त असतं आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे कुणाला मत द्यायचं याचा आदेश, लागू होत नाही. मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतात. १९६९ ला याचा प्रत्यय आला. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. देवराष्ट्रेत जन्मलेल्या आणि कराडच्या यशवंतराव चव्हाणांनी पक्षाच्या संसदीय मंडळात त्यांच्याच बाजूने मत दिलं होतं. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाला स्मरून मतदान करा म्हटलं आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले.

निवडून आल्यावर हाती काय

अनुच्छेद ७४ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीपासून सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच सल्ला पुन्हा आला तर मानावाच लागतो. विधेयकांचंही तसंच, एकदा परत पाठवता येतं. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, तेवढंही नाही, आणि घटनादुरुस्ती विधेयकावर तर सही करावीच लागते.

वर सांगितलेलं लाभाचं पद इथे पुन्हा येतं. २००६ मध्ये काही पदांना त्या अपात्रतेतून वगळणारं विधेयक संसदेने मंजूर केलं आणि अब्दुल कलाम यांनी ते परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, कलामांना सही करावी लागली. याउलट १९८६ च्या टपाल विधेयकावर झैलसिंग यांनी सही केली नाही आणि ते परतही धाडलं नाही. घटनेत सहीला कालमर्यादा लिहिलेली नाही, त्यामुळे विधेयक पडूनच राहिलं. माझ्या मते राष्ट्रपतींची खरी ताकद याच जागेत आहे. बाकी पुष्कळसा मान आहे.

पदावरून काढायचं झालं तर

अनुच्छेद ६१ चा महाभियोग. आरोप घटनाभंगाचाच हवा, आणि तो कोणत्याही एका सभागृहातून सुरू करता येतो. त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी एक चतुर्थांश जणांच्या सह्यांची १४ दिवसांची नोटीस लागते, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव. नंतर दुसरं सभागृह चौकशी करतं आणि तिथेही दोन तृतीयांश लागतात. निवडणुकीत ज्यांना मत नव्हतं ते राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य इथे मत देऊ शकतात, आणि ज्यांनी निवडून दिलं त्या आमदारांना इथे काहीच स्थान नाही. आजवर कोणत्याही राष्ट्रपतींना अशा रीतीने काढलेलं नाही. स्वतःहून पायउतार व्हायचं असेल तर सोपं आहे: उपराष्ट्रपतींच्या नावे सही केलेलं पत्र द्यायचं, आणि त्यांनी ते लगेच लोकसभा अध्यक्षांना कळवायचं.