पोपटमासा कोर्टात कसा पोहोचला?

कॅरिबियन प्रवाळांवरून अमेरिकेत जो खटला गाजला, त्याच्या मुळाशी जाळ्याने मोडलेलं प्रवाळ नव्हतं. होता तो पोपटमासा, जो अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांपैकी सेंट क्रॉयसारख्या बेटांवर नेहमीच्या जेवणात असतो. चोचीसारख्या दातांनी हा मासा खडकावरचं शेवाळ खरवडतो, आणि अशा साफ झालेल्या जागेवरच प्रवाळाच्या अळ्या रुजतात. पूर्वी लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन हे गोल समुद्री जीवही हेच काम करत. 1983-84 च्या साथीत ते जवळजवळ नाहीसे झाले आणि सगळा भार माशांवर आला. एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न ही फांद्याफांद्यांची प्रवाळं तोवर रोगाने खचत चाललीच होती.

2006 मध्ये या दोन्ही जाती संकटग्रस्त प्रजातींच्या 1973 च्या कायद्याखाली आल्या. त्या यादीतली ही पहिलीच प्रवाळं. मग कलम 7 लागू झालं: केंद्रीय खात्याने कशालाही मंजुरी देण्याआधी यादीतल्या जिवांवर काय परिणाम होईल ते तपासायचं. इथे मासेमारीला मंजुरी देणारं आणि तिची तपासणी करणारं खातं एकच, राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवा. तिने पोपटमाशांच्या तीन मोठ्या जाती धरायला बंदी घातली, बाकीच्यांवर वार्षिक मर्यादा लावली, आणि एवढ्या मासेमारीने प्रवाळांचं अस्तित्व धोक्यात येत नाही, असा अभिप्राय 2011 मध्ये दिला.

जानेवारी 2012 मध्ये सेंटर फॉर बायॉलॉजिकल डायव्हर्सिटी आणि कोरॅलेशन्स या पर्यावरण संस्था या अभिप्रायाविरुद्ध पोर्टो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरच्या केंद्रीय न्यायालयात गेल्या. खरी मेख मोजणीत होती. जाळ्यात अडकलेलं कासव मोजता येतं. शेवाळ माजल्यामुळे जे प्रवाळ रुजलंच नाही, ते कोणत्या वहीत लिहायचं? सप्टेंबर 2013 मध्ये निकाल लागला. मासेमारीमुळे प्रवाळांचं होणारं नुकसान मर्यादेत आहे का, हे कळण्यासाठी खात्याने ठरवलेली देखरेख न्यायालयाला अपुरी वाटली. मासेमारी मात्र बंद झाली नाही.

पुढच्याच वर्षी यादीत आणखी 20 प्रवाळ प्रजातींची भर पडली, त्यातल्या 5 कॅरिबियनमधल्या. पण बातम्यांत क्वचितच येणारी एक गोष्ट: या खात्याचे मासेमारीचे नियम पोर्टो रिकोच्या किनाऱ्यापासून 9 सागरी मैलांच्या पुढे चालतात, व्हर्जिन बेटांपासून 3 मैलांच्या पुढे. एल्कहॉर्न वाढतं उथळ पाण्यात, आणि किनाऱ्यालगतच्या त्या पट्ट्यातली मासेमारी बेटांची स्थानिक सरकारं ठरवतात.