स्वर्गीय नर्तक

मोनार्किडी कुलातील कीटकभक्षक पक्षी. शास्त्रीय नाव टर्प्सिफोन पॅराडिसी. मध्य आशियापासून श्रीलंकेपर्यंत आढळतो. कोकणात कर्नाळा व फणसाड ही अभयारण्ये, देवराया आणि पऱ्ह्यांकाठची (ओढ्यांकाठची) दाट झाडी ही त्याची ठिकाणे. उघड्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या माळावर) सहसा दिसत नाही. नराची लांब शेपटी सोडल्यास बुलबुलाएवढा.

स्वीडिश वर्गीकरणतज्ज्ञ लिनियसने 1758 मध्ये त्याला कावळ्यांच्या कॉर्व्हस प्रजातीत घातले. पुढे तो माशीमार पक्ष्यांच्या कुलात गेला व तेथूनही निघाला. चीन व आग्नेय आशियातील पक्षी 2015 पर्यंत याच जातीत गणले जात. जुन्या याद्या वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

नराच्या रंगाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. प्रौढ नर पांढरा असतो किंवा तांबूस; डोके दोन्हींत चकचकीत काळे, तुरा असलेले. मादी तांबूस, आखूड शेपटीची, गळा करडा. तरुण नरही मादीसारखाच दिसतो. त्यामुळे तांबूस नर वयाने लहान असून पुढे पांढरा होतो, असे मानले जाई. परंतु लांब शेपटीचे तांबूस नरही वीण करतात, आणि श्रीलंकेतील स्थानिक उपजातीत पांढरा नर नसतोच. शिवाय पांढऱ्या नराच्या पंख-शेपटीतील पिसांचे दांडे काळे असतात, तांबूस नरात ते बहुधा तसे नसतात. तेव्हा ही एकाच जातीची दोन रूपे असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मधल्या रंगाचे नमुने आढळतात, त्यांनी वाद पुरता मिटू दिलेला नाही.

कोकणात हिवाळ्यात दिसणारे सगळे पक्षी स्थानिक नसावेत. उत्तरेकडील ल्यूकोगास्टर उपजाती थंडीत दक्षिणेकडे सरकते. मात्र माद्या व तरुण नर यांवरून उपजाती ठरवणे कठीण, म्हणून केवळ दुर्बिणीतून केलेल्या नोंदींवर फार भिस्त ठेवू नये.

पाय आखूड, बसण्याची ढब ताठ. झाडोऱ्याच्या सावलीत झेप घेऊन उडते किडे टिपतो. दुपारनंतर डबक्यावरच्या फांदीवरून पाण्यात सूर मारतो, फांदीवर परततो, पिसे फडफडवतो आणि पुन्हा सूर मारतो.

वीण मे ते जुलै. काटक्या व कोळ्याच्या जाळ्यांचे खोलगट घरटे कमी उंचीच्या फांदीच्या टोकाला असते. अंडी 3-4, नर-मादी दोघेही उबवतात. पुष्कळदा जवळच कोतवालाचे घरटे असते, आणि घरट्यावर येणाऱ्या शिकारी पक्ष्यांना तो भांडखोर शेजारी परस्पर पिटाळून लावतो.