शेपटीचा मणका, इवलीशी दाढ

संग्रहालयात डायनासोरचा सबंध सांगाडा पाहताना त्यातली खरी हाडं किती आणि साच्यातून काढलेली किती, हे सहसा कुणी विचारत नाही. मध्यजीव महाकल्पातले, म्हणजे सुमारे 25.2 कोटी ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे बहुतेक पृष्ठवंशी प्राणी सबंध मिळतच नाहीत. प्राणी मेला की इतर प्राणी लचके तोडतात, नदी हाडं आपटत-आपटत नेते आणि उरलंसुरलं गाळात गाडलं जातं. हाती लागतो एखादा दात, नाहीतर मणक्याचा अर्धा भाग.

पण तुकडा केवढा, यापेक्षा तो कुठला हे महत्त्वाचं. सस्तन प्राण्याची दाढ घ्या. वरची आणि खालची दाढ चावताना एकमेकींत नेमकी बसते, त्यामुळे तिच्यावरचे उंचवटे आणि खळगे वंशावळ लिहून ठेवल्यासारखे असतात. तेलंगणात नसकल इथे दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेला गाळ आहे. असा गाळ भिजवायचा, बारीक जाळीच्या चाळणीतून धुवायचा, चाळणीत राहील ते वाळवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशनं एकेक कण बाजूला सारत बसायचं. दिवसच्या दिवस नुसते खडे आणि माशांचे खवले! नसकलच्या अशाच इवल्याशा दातांवरून 1988 मध्ये जीवाश्म-अभ्यासक प्रसाद आणि साहनी यांनी ‘डेक्कनोलेस्टिस’ हा प्राणी जगापुढे आणला. भारतातला क्रिटेशस काळातला, म्हणजे मध्यजीव महाकल्पाच्या शेवटच्या कालखंडातला, हा पहिला ज्ञात सस्तन प्राणी.

याउलट जबलपूरचे मणके. 1828 मध्ये ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना तिथे जी हाडं मिळाली, त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून जीवाश्म-अभ्यासक लायडेकर यांनी 1877 मध्ये एका डायनासोरला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. मणक्याची पुढची बाजू खोलगट, मागची चेंडूसारखी फुगीर. तेव्हा ही ठेवण अजब वाटली होती. पुढे जगभर तशाच शेपट्यांचे डायनासोर निघत गेले आणि एकट्याची म्हणून सांगितलेली खूण अख्ख्या कुळाची ठरली. 2003 मध्ये अभ्यासकांनी हे नाव संशयास्पद ठरवलं. गंमत म्हणजे त्या मणक्यावरून ओळखला जाणारा प्राणी राहिला नाही, पण कुळाला आपण आजही टायटॅनोसॉरच म्हणतो.

मग जबड्याच्या तुकड्यांचं काय? 2020 मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर एका 11 वर्षांच्या मुलीला आणि तिच्या वडिलांना हाडाचे तुकडे सापडले. ते एकमेकांना जुळवत नेल्यावर खालच्या जबड्यातलं दोन मीटरहून लांब हाड तयार झालं. तसंच एक हाड जवळच्याच किनाऱ्यावर 2016 मध्ये मिळालं होतं. एकटं असतं तर त्याचा वेगळा आकार विकृती म्हणून सोडून देता आला असता. दोन्हींत तोच आकार दिसल्यावर ती पळवाट बंद झाली. 2024 मध्ये या सागरी सरीसृपाचं ‘इक्थियोटायटन’ असं नामकरण झालं. तो सुमारे 20.2 कोटी वर्षांपूर्वीचा, ट्रायासिक काळाच्या, म्हणजे मध्यजीव महाकल्पाच्या पहिल्या कालखंडाच्या, अखेरचा.

लांबीचा अंदाज सुमारे 25 मीटर. तो नातलगांच्या जबड्याशी प्रमाण लावून काढलेला, म्हणून मी तरी जपूनच सांगतो. हाडाचा पातळ काप मात्र आणखी एक गोष्ट सांगतो: मेला तेव्हा हा प्राणी अजून वाढतच होता.