लीड्सिक्थिसची लांबी: २७ मीटरचा आकडा आला कुठून?

लीड्सिक्थिस हा मासा २७ मीटर लांब, म्हणजे जवळजवळ निळ्या देवमाशाएवढा होता, असं अजूनही लिहिलं जातं. हा आकडा आता सोडून द्यायला हवा. तो का चुकला, याचं उत्तर या माशाच्या हाडांतच आहे.

लीड्सिक्थिस हा पॅकिकॉर्मिडी या समुद्री माशांच्या नामशेष कुलातला. बांगडा-सुरमईसारखेच काड्यांवर ताणलेले पर असलेले या कुलातले मासे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीपासून ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत होते. छातीचे पर कोयत्यासारखे लांब नि अरुंद, शेपूट ताठ आणि खोल दुभंगलेली. जर्मनीत होल्त्समाडेनच्या खडकात याच कुलातल्या पॅकिकॉर्मसचे छान अखंड सांगाडे मिळतात. या कुलातले बरेचसे मासे शिकारी होते; प्रोटोस्फिरीनाला तर तलवारमाशासारखं टोकदार तोंड होतं. एक शाखा मात्र दात गमावून पाणी गाळून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खाऊ लागली. लीड्सिक्थिस त्या शाखेतला.

इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या विटांच्या मातीच्या खाणींतून आल्फ्रेड लीड्स हा शेतकरी हाडं गोळा करत असे. ही माती सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वीची. त्यातली काही मोठी, पातळ हाडं आधी डायनोसॉरच्या पाठीवरची कवचं समजली गेली. १८८८ साली ती पाहायला आलेल्या ऑथनिएल मार्श या अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञांनी ती माशाची असल्याचं ओळखलं आणि १८८९ मध्ये ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी नाव दिलं: लीड्सिक्थिस प्रॉब्लेमॅटिकस. ‘प्रॉब्लेमॅटिकस’ अगदी योग्यच. या माशाचे मणके कूर्चेचेच राहत आणि कुजून जात. उरतात ती कवटीची हाडं, कल्ले, पर आणि शेपूट, तीही मातीच्या दाबाने चपटी होऊन चुरलेली.

मणकेच नाहीत, तर लांबी मोजायची कशी? नात्यातल्या लहान माशाच्या प्रमाणावरून. वुडवर्ड यांनी सुमारे २.७४ मीटर उंचीची शेपूट याच कुलातल्या हिप्सोकॉर्मसशी ताडून पाहिली आणि ९ मीटरचा अंदाज केला. १९८६ साली अ‍ॅस्थेनोकॉर्मस हा दुसरा नातलग मासा नमुना धरून हिशोब झाला. पण त्याच्या शरीराची प्रमाणंच वेगळी. कुठलं हाड घ्याल त्यावर उत्तर बदलतं. एकाच पद्धतीतून १३.५ मीटरही निघाले आणि २७.६ मीटरही. मोठा आकडा लोकांच्या लक्षात राहिला.

२००१ मध्ये इंग्लंडमध्येच व्हिटल्सीजवळच्या खाणीत लीड्सिक्थिसचा एक नमुना सापडला आणि त्याच्या उत्खननात हाडांचे दोन हजारांहून अधिक तुकडे निघाले. २०१३ च्या अभ्यासात अनेक नमुन्यांची मापं आणि हाडांतली वाढीची वलयं, झाडाच्या खोडातल्यासारखीच, एकत्र तपासली गेली. विसाव्या वर्षी ८ ते ९ मीटर, ३८ व्या वर्षी सुमारे १६.५ मीटर. एवढी लांबीही हाडांच्या माशांत अजोडच आहे.

गाळण्याचं काम कल्ल्यांवरची फणी करत असे. बांगड्याचं तोंड उघडलं की आत पिसासारख्या लांब काड्या दिसतात, त्याच कामाच्या.

लीड्सिक्थिस हा एकटाच अपवाद असावा, असं बराच काळ वाटत होतं. २०१० मध्ये ते बदललं: अमेरिकेतल्या कॅन्ससचे जे जीवाश्म शतकाहून अधिक काळ शिकारी प्रोटोस्फिरीनाच्या नावावर होते, ते बॉनेरिक्थिस या दुसऱ्या गाळणाऱ्या माशाचे निघाले. इंग्लंड आणि जपानमधून रिंकोनिक्थिस हा आणखी एक गाळणारा मासाही पुढे आला. म्हणजे समुद्रात प्लवक गाळणाऱ्या या मोठ्या माशांची परंपरा सुमारे १० कोटी वर्षं चालली. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, ती संपली. आज अरबी समुद्रात तेच काम व्हेल शार्क करतो.