टर्न अवे फ्रॉम : यातलं 'अवे' आलं कुठून?

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात हा घोळ ठरलेला. 'शी टर्न्ड अवे फ्रॉम द विंडो', तिने खिडकीकडून तोंड फिरवलं, इथवर ठीक. पण 'दे टर्न्ड अस अवे' आलं की फ्रॉम कुठे गेला म्हणून सगळे गडबडतात. इथे अर्थच वेगळा आहे, बालगंधर्वला गेलो, हाउसफुल होतं, दारातनंच परत पाठवलं. स्वतः वळलात तर अवे फ्रॉम, दुसऱ्याला परत लावलं तर तो माणूस मध्ये घुसतो. आणि 'पीपल टर्न्ड अवे फ्रॉम हँडलूम' मध्ये मान कोणीच वळवलेली नाही, हातमागाकडे नुसती पाठ फिरवलीये.

आता हे असं का, तर इंग्लिश आणि जर्मन एकाच कुळातल्या, आणि पुण्यात जर्मन शिकणारे ढिगाने आहेत, त्यांना 'आबवेंडेन' माहीत असेल, अर्थ हाच, तोंड फिरवणं. त्यात 'आब' क्रियापदाच्या पुढे चिकटतो, आणि साध्या वाक्यात सुटून थेट शेवटी जाऊन बसतो. जुन्या इंग्लिशमध्येही असे तुकडे बरेचदा क्रियापदाच्या आधी लागायचे, नंतरच्या काही शतकांत ते मागे सरकले आणि तिथेच राहिले. वळणं यासाठी तेव्हा 'वेंडान' होतं, ते पुढे मागे पडलं, 'गो'चा भूतकाळ 'वेंट' ही त्याचीच उरलेली खूण. टर्न मूळचं लॅटिन, लाकूड कातायच्या चरकावरून आलेलं. अवे म्हणजे 'ऑन वे', वाटेला लागलेला.

१०६६ नंतर इंग्लंडात फ्रेंच बोलणारे नॉर्मन राजे आले, दरबारात आणि कोर्टात फ्रेंच-लॅटिन शिरलं, तिथून रिफ्यूज, डायव्हर्ट, अव्हर्ट असले भारदस्त शब्द आले. टर्न अवे मात्र घरात, बाजारात चालत राहिलं, आणि १६११ च्या इंग्लिश बायबलमध्येही ते भेटतं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेत लिहूनच ठेवलंय की असल्या जोड्या परक्या माणसाला सगळ्यात जड जातात. असल्या जोड्यांना फ्रेझल व्हर्ब हे नाव रूढ झालं ते फार उशिरा, लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाच्या १९२५ च्या पुस्तकामुळे, आणि तो त्याचं श्रेय ऑक्सफर्ड डिक्शनरीचा संपादक हेन्री ब्रॅडलीला देतो.

आपल्याकडे इंग्लिश आलं ते कचेरीतून आणि कॉलेजातून, १८५१ चं पूना कॉलेज, १८८० चं न्यू इंग्लिश स्कूल वगैरे, म्हणजे माझ्या मते भाषेच्या वरच्या मजल्यावरून. म्हणून 'अर्ज रिजेक्ट झाला' हे आज्जीसुद्धा सहज म्हणते, पण टर्न अवे आलं की जीभ अडते. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्लिश सुरू झालं, तरी परीक्षेत बरेचदा गाळलेल्या जागा भरा म्हणून प्रिपोझिशनच विचारतात, वाक्य क्वचितच बोलून घेतात. मग 'टर्न अवे फ्रॉम टू स्मोक' असलं काहीतरी ऐकू येतं, तिथे 'फ्रॉम स्मोकिंग' हवं, कारण फ्रॉमनंतर नाम लागतं आणि आयएनजी लावलं की क्रियापदाचं नाम होतं.