एचटीएमएलच्या पोटातला ‘इफ’

लॉगिन केलेल्याला त्याचं नाव दिसावं आणि बाकीच्यांना ‘साइन इन’चं बटण, एवढी साधी गोष्टसुद्धा एचटीएमएलला, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिला, स्वतःहून जमत नाही. त्याला अट, म्हणजे प्रोग्रामिंगमधला ‘इफ’ (‘असं असेल तर’), हा प्रकारच ठाऊक नाही. निर्णय घ्यायचा सर्व्हरने, तोही पान ब्राउझरकडे जाण्याआधी. तो निर्णय नेमका कुठे लिहायचा, यावर प्रोग्रामर मंडळी गेली तीस वर्षं भांडत आली आहेत.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेच्या वेब सर्व्हरबरोबर सीजीआय आलं, म्हणजे सर्व्हरने वेगळा प्रोग्राम चालवून त्याच्याकडून पान बनवून घ्यायची सोय. प्रोग्राम पर्ल किंवा सी या भाषेत लिहायचा आणि एचटीएमएलची ओळन् ओळ त्याच्याकडून प्रिंट करून घ्यायची. इथे ‘इफ’ सुखात होता, हाल होते ते एचटीएमएलचे. प्रत्येक अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश, आणि टेबलाचा रंग बदलायचा तरी प्रोग्रामरचे पाय धरायचे.

मग कुणीतरी उलटा विचार केला: पान आधी, कोड त्याच्या आत. रॅस्मस लेरडॉर्फने जून १९९५ मध्ये पीएचपी या भाषेची पहिली आवृत्ती खुली केली. त्याच वर्षी कोल्डफ्यूजन आलं, त्यात अटसुद्धा टॅगसारखीच लिहायची. मायक्रोसॉफ्टचं एएसपी १९९६ च्या अखेरीस, जावावाल्यांचं जेएसपी १९९९ मध्ये.

पीएचपीतली गंमत नवशिक्याला पटकन पचत नाही. पीएचपीचा टॅग बंद करून खाली साधं एचटीएमएल लिहिलं, तरी ते वरच्या ‘इफ’च्या ताब्यातच असतं. अट खोटी ठरली तर तो मजकूर पानात उमटतच नाही. टॅगबाहेरचा मजकूर पीएचपी ‘एको’ या छापायच्या आज्ञेसारखाच धरतं, म्हणून हे चालतं. सोय मोठी, पण दोनशे ओळींखाली एकटाच महिरपी कंस सापडला की तो कुणाचा, ‘इफ’चा की ‘फॉरइच’ या लूपचा, हे शोधताना नाकीनऊ येतात. कंसाऐवजी अपूर्णविराम (:) आणि शेवटी ‘एंडइफ’ ही दुसरी पद्धत टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, रुळली ती यामुळेच. वर्डप्रेसच्या जुन्या थीम उघडून पाहा, पोस्ट आहेत का हे विचारणारा ‘इफ’ बहुधा याच वेषात भेटेल.

त्याच पानात डेटाबेसची क्वेरीही घुसू लागली तेव्हा खिचडी झाली आणि ‘टेम्प्लेटमध्ये लॉजिक नको’ अशा सोवळ्याची लाट आली. संगणकशास्त्राचे प्राध्यापक टेरेन्स पार यांनी २००४ मधल्या निबंधात टेम्प्लेटला तुलना करण्याचाही अधिकार नको असा आग्रह धरला. एखादी गोष्ट आहे की नाही, एवढंच त्याने विचारावं. कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेलं आणि २००५ मध्ये खुलं झालेलं जँगो हे पायथनमधलं वेब फ्रेमवर्क इतकं कडक नव्हतं. तरी त्याच्या ‘इफ’मध्ये दोन किमती समान आहेत का हे थेट तपासता येत नसे, त्यासाठी ‘इफइक्वल’ हा वेगळा टॅग होता. लोकांनी कुरकुर केली आणि २०१० मध्ये १.२ आवृत्तीत तुलनेची चिन्हं ‘इफ’मध्ये आली. २००९ चं मस्टॅश हे टेम्प्लेटचं साधन तर ‘लॉजिकविरहित’ म्हणूनच मिरवलं. पण त्यातला सेक्शन किंमत खोटी किंवा यादी रिकामी असली की गायब होतो. याला ‘इफ’ म्हणायचं नाही, इतकंच!

माझ्या मते या सोवळ्याचा फायदा झाला, पण जाहिरात केली तो नाही. अट नाहीशी झाली नाही, ती कंट्रोलरमध्ये, म्हणजे टेम्प्लेटला माहिती पुरवणाऱ्या कोडमध्ये, गेली आणि तिला ‘बटण दाखवायचं का’ असं वाचता येण्याजोगं नाव मिळालं.

२०१३ मध्ये रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीबरोबर जेएसएक्स, म्हणजे कोडमध्येच एचटीएमएलसारखं लिहायची पद्धत, आलं आणि कोड व एचटीएमएल पुन्हा एका ताटात जेवू लागले, सर्व्हरवर पान बनवतानाही. इथे महिरपी कंसात ‘इफ’ चालत नाही, कारण तिथे फक्त किंमत देणारं एक्स्प्रेशन लागतं. म्हणून लोक प्रश्नचिन्हाचा टर्नरी (अट ? हे : ते) किंवा दुहेरी अँपरसँड (&&) वापरतात. त्यातली ठरलेली ठेच अशी: यादीची लांबी अँपरसँडच्या डावीकडे ठेवली आणि यादी रिकामी निघाली, तर पानावर काहीच न दिसण्याऐवजी एक शून्य छापलं जातं. लांबी शून्यापेक्षा मोठी आहे का असं स्पष्ट विचारलं, की ते जातं.