ग्राइंडरच्या तळावरचा देश

घरी एस्प्रेसो, म्हणजे दाबाखाली काढलेली दाट कॉफी, करायची तर दाणे दळणारा ग्राइंडर लागतो. तो निवडताना बरेच जण आधी यंत्र उलटे करून बघतात. तळाशी एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर व्होल्टेज, वॅट आणि एका देशाचे नाव लिहिलेले असते. इटली दिसले की जीव भांड्यात पडतो, चीन दिसले की शंका येते. या नावाला एवढे वजन कसे आले, हे कळायला कॉफीच्याही थोडे बाहेर जावे लागते.

1887 साली ब्रिटनने परदेशी मालावरच्या खुणांसंबंधी कायदा केला. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या स्वस्त सुऱ्या शेफील्डच्या नावावर खपवल्या जातात, अशी शेफील्ड या इंग्लंडमधल्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध शहराच्या कारागिरांची तक्रार होती. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का आला तो गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी. त्याआधी 1876 मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनातून फ्रान्त्स रूलो या जर्मन अभियंत्याने स्वतःच्याच देशाच्या मालाला 'स्वस्त आणि वाईट' म्हटले होते. पुढे जर्मन कारखाने सुधारले आणि तोच शिक्का अभिमानाने मिरवला जाऊ लागला. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. कारखाने बदलले की देशाच्या नावाचा अर्थही बदलतो. लोकांच्या मनात मात्र जुना अर्थ बराच काळ रेंगाळतो.

इटलीच्या नावामागचा इतिहास वेगळा आहे. तिथे यंत्राची गरज आधी निर्माण झाली आणि ती भागवणारे कारखाने त्याच परिसरात उभे राहिले. तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोने 1884 मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचे पेटंट घेतले. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने एकेक कप काढणारे यंत्र आणले. या यंत्रांत दाब जेमतेम दीड बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास असे, त्यामुळे दळण थोडे इकडेतिकडे झाले तरी भागत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जियाच्या दांड्याच्या यंत्राने हा दाब आठ-नऊ बारवर नेला आणि कपावर सोनेरी साय दिसू लागली. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 या यंत्राने ते काम विजेच्या पंपाकडे सोपवले. आता दाब आधीच ठरलेला, पाण्याचे तापमानही बरेचसे ठरलेले. अर्क वीस सेकंदांत उतरेल की चाळीस, हे दळणावर अवलंबून राहिले. दळण जरा जाड झाले की पाणी धावत सुटते आणि कॉफी आंबट लागते. जरा बारीक झाले की थेंब थेंब पडतो आणि कडवटपणा येतो. ग्राइंडरला यंत्राच्या बरोबरीचे स्थान मिळाले ते या दाबामुळे.

ही गरज भागवणारे अनेक कारखाने व्हेनिसच्या आसपासच्या छोट्या गावांत होते. फियोरेंझातो 1936 चे, माझ्झर 1948 चे. चेआदो आणि माकाप हेही त्याच पट्ट्यातले. फ्लॉरेन्सचे युरेका तर 1920 पासूनचे. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे दिवसाला शेकडो कप काढणारा बार, म्हणजे इटलीतले कॉफीचे दुकान, त्यामुळे यंत्रे तशीच घडली: जड धातूचे अंग, मोठी मोटर आणि दाणे भरडणाऱ्या, झिजल्यावर बदलता येणाऱ्या पोलादी दातेरी चकत्या. माझ्झरच्या सुपर जॉली या ग्राइंडरात 64 मिलिमीटरच्या सपाट चकत्या असतात. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

घरी एस्प्रेसो काढणाऱ्या हौशी मंडळींनी सुरुवातीला हेच ग्राइंडर किंवा त्यांची धाकटी भावंडे स्वयंपाकघरात आणली. इटालियन म्हणजे टिकाऊ, हा विश्वास तिथे पक्का झाला आणि तो खोटा नव्हता. पण बार आणि घर यांत मोठा फरक आहे. बारमध्ये ग्राइंडर अखंड चालतो, आत अडकलेली पूड मिनिटाभरात पुढच्या कपात जाते. घरी सकाळी एक कप आणि संध्याकाळी एक. मधल्या वेळात आत राहिलेली काही ग्रॅम पूड शिळी होते आणि नेमकी पुढच्या कपात पडते. उत्तम इटालियन यंत्र असूनही घरी चव हुकत होती ती यामुळे.

त्यावर उत्तर आले ते एका वेळी एकाच कपापुरते दाणे मोजून घालायच्या ग्राइंडरांतून. या प्रकाराला घराघरांत नेणारा निश झीरो 2017 मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला. त्याची रचना ब्रिटनमधली, बांधणी चीनमधली आणि आतल्या 63 मिलिमीटरच्या शंकूच्या आकाराच्या चकत्या इटलीच्या माझ्झरच्या. याचा देश कोणता म्हणायचा? बाराट्झाचेही तसेच. कंपनी अमेरिकेत जन्मली, ग्राइंडर तैवानमध्ये जुळवले जातात, अनेक मॉडेलांतल्या चकत्या लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या युरोपीय देशातल्या एट्झिंगर कंपनीच्या आणि 2020 पासून मालकी ऑस्ट्रेलियाच्या ब्रेव्हिलची. 2022 मध्ये एस्प्रेसो यंत्रे बनवणारी इटलीची लेलिट कंपनीही ब्रेव्हिलकडेच गेली.

मग पट्टीवरचा देश ठरतो कसा? युरोपीय संघाच्या सीमाशुल्क नियमांनुसार, अनेक देशांत घडलेल्या वस्तूचे मूळ म्हणजे तिच्यावर शेवटची महत्त्वाची प्रक्रिया जिथे झाली तो देश. स्वित्झर्लंडने 2017 पासून औद्योगिक मालाला स्विस म्हणवण्यासाठी उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग तिथला असण्याची अट घातली. इटलीत 2009 च्या कायद्याप्रमाणे 'शंभर टक्के इटालियन' म्हणायचे तर आरेखन, नियोजन, घडण आणि वेष्टन हे सगळे तिथेच व्हावे लागते. म्हणजे 'इटलीत बनलेला' आणि 'पूर्णपणे इटलीत बनलेला' हे दोन वेगळे दावे आहेत. जाहिरातीतला इटलीच्या झेंड्याचा तिरंगी पट्टा तर यांतला कोणताच दावा करत नाही.

चीनबद्दलची शंका कुठून येते तेही समजून घेतले पाहिजे. स्वस्त, प्लॅस्टिकच्या, पाते फिरवणाऱ्या ग्राइंडरांनी लोकांचे हात पोळले आहेत. पण आता 64 मिलिमीटरच्या आकड्याकडे या. डीएफ-64 सारख्या चिनी ग्राइंडरांनी हाच आकार उचलला. त्यामुळे दक्षिण कोरियाच्या एसएसपीसारख्या कारखान्यांच्या चकत्याही त्यांत बसतात. इटालियन बारने रूढ केलेले माप, चिनी अंग आणि कोरियन दाते असा ग्राइंडर आज कुणाच्याही ओट्यावर असू शकतो. हाताने फिरवायच्या ग्राइंडरांत तैवानचे वनझीप्रेसो आणि शांघायचे टाइममोर पुढे आले. तिथे मोटर नसते, सारा कस धातूच्या कातकामाचा लागतो आणि सुट्या भागांचे कातकाम हे तैवानचे जुने बलस्थान आहे.

माझे मत असे की देशाआधी तीन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही चकत्या एकमेकींना समांतर बसतात का, कारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा फरकही दळणात उतरतो. दळणाची जाडी बदलण्याचे फिरते कडे सैल हलते का. आणि पाच वर्षांनी चकत्या व बेअरिंग मिळतील का. देशाचे नाव उपयोगी पडते ते मुख्यतः या शेवटच्या प्रश्नाला. जुना कारखाना तेच मॉडेल दशकानुदशके बनवत असेल, तर त्याचे सुटे भाग मिळत राहतात. हे अनेक इटालियन बार-ग्राइंडरांच्या बाबतीत खरे ठरले आहे.

कामगारांना नीट मजुरी मिळावी म्हणून एखाद्या देशाचा माल पसंत करणे हेही मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी मात्र चकत्या, मोटर आणि जुळणी कुठली हे उत्पादकाला थेट विचारावे, पट्टी ते सांगत नाही. पट्टीवर बघायचेच तर शेजारची ओळ बघावी. थेट विजेच्या वारंवारतेवर चालणारी मोटर 50 हर्ट्झवर जितके फेरे घेते त्याहून 60 हर्ट्झवर जास्त घेते आणि 120 व्होल्टचे यंत्र 230 व्होल्टवर जळते. दुसऱ्या देशातून ग्राइंडर मागवताना आधी ती ओळ वाचावी.